बारा फुटी की सोळा फुटी?

दोन्ही बोटी आउटबोर्ड इंजिनाच्याच, म्हणजे मागच्या फळीवर बाहेरून बसवायच्या इंजिनाच्या; फरक चार फुटांचा. पण पाण्यात हे चार फूट फार मोठे असतात.

माणसं किती बसतील याचा एक जुना, ढोबळ हिशेब आहे: लांबी गुणिले रुंदी, दोन्ही फुटांत, भागिले 15. बारा फूट लांब, साडेचार फूट रुंद बोटीत जेमतेम तिघं मावतात. सोळा बाय सहाच्या बोटीत सहा जण. तेही शांत पाण्यात. लाटा असतील तर मी त्यातला एक माणूस किनाऱ्यावरच ठेवेन.

खर्चाचं पारडं मात्र लहानीकडे झुकतं. पूर्ण वेगात लहान बोटीचं 10 अश्वशक्तीचं फोर-स्ट्रोक इंजिन तासाला साधारण 4 लिटर पेट्रोल पितं, मोठीचं 40 अश्वशक्तीचं जवळपास 15 लिटर. शिवाय हलकी ॲल्युमिनियमची बारा फुटी बोट दोघं उचलून पाण्यात सोडतात. सोळा फुटीला ट्रेलर आणि पाण्यात जाणारा उतार हवाच.

तळं, संथ नदी, दोघांची मासेमारी असेल तर लहान घ्या, निश्चिंत मनाने. खाडीत किंवा रुंद जलाशयात, जिथे दुपारी वारा उठतो, तिथे मोठीच. बारा फुटीच्या बुटक्या कडेवरून पाणी आत यायला वेळ लागत नाही, आणि मुलं सोबत असताना तो धोका मला मान्य नाही.

इंजिन घेण्याआधी बोटीच्या मागच्या फळीची उंची मोजा: 15 इंचाला आखूड शाफ्टचं (पाण्यात जाणाऱ्या दांड्याचं) इंजिन, 20 इंचाला लांब शाफ्टचं. लाइफ जॅकेट दोन्हीत प्रत्येकाला.