विमा कॅशलेस, मग बँकेचं नाव कशाला विचारलं?

आधी आकडे सांगते. आयुष्मान कार्डाची फी म्हणून २,३६०. माझ्या वडिलांच्या, आण्णांच्या खात्यातून १०,००० आणि पाठोपाठ ९,५००. आईच्या खात्यातून २,७००. एकूण २४,५६० रुपये. आणि हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत, मी शेजारी उभी असताना गेलं.

ऊसपट्ट्यातलं आमचं गाव. २०२५ च्या जानेवारीत, संक्रांतीनंतरच्या रविवारी देवळाच्या सभामंडपात 'सत्तरीपुढच्यांसाठी ५ लाखांचं आयुष्मान कार्ड' असा फलक लागला. पुढाऱ्यांचे फोटो, योजनेचं चिन्ह, टेबल, लॅपटॉप, दोन पोरं. मी शाळेत शिक्षिका आहे, गावातल्या निम्म्या लोकांचे फॉर्म मीच भरून देते. सरकारची ही आरोग्यविमा योजना खरी होती, २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालेली, वय वंदना कार्डाची. आजूबाजूच्या गावांत खरी शिबिरं होत होती. म्हणून संशय आला नाही. मला मूर्ख म्हणण्याआधी एवढं लक्षात घ्या.

फी माणशी १,०००, वर १८ टक्के जीएसटी. जीएसटी ऐकून मला उलट बरं वाटलं, काम पक्क्या पावतीचं आहे असं वाटलं. वय वंदना कार्डाला एक रुपयाही फी नाही. कोणी मागितली तर तिथूनच उठा.

आई ६६ वर्षांची. हे कार्ड सत्तर पूर्ण झालेल्यांनाच मिळतं, तेही आधारवरच्या वयाप्रमाणे. मी विचारलंही. टेबलावरचा पोरगा म्हणाला, "ताई, जोडीदाराचं बसतं यात." मी मान डोलावली. दोघांना मिळून १० लाख होतील, गोळ्या-औषधंही त्यातच, असंही त्यानं सांगितलं. तेही खोटं. ५ लाख वर्षाला, आणि घरात सत्तरीपुढचे दोघं असले तरी ते दोघांत मिळून. दवाखान्यात भरती झाल्यावरचा खर्च मिळतो, बाहेरून तपासून आलेल्याचा नाही.

आणि मग तो क्षण. आधार नंबर टिपून झाल्यावर त्यानं विचारलं, "बाबा, खातं कुठल्या बँकेत?" आण्णांनी सांगितलं. मी म्हणाले, बँक कशाला? "दवाखान्यात जायचा प्रवासखर्च खात्यावर पडतो ताई."

इथेच मी त्याचा हात धरायला हवा होता! पैसे सरकार थेट रुग्णालयाला देतं, पेशंटच्या खात्याशी त्याचा संबंधच येत नाही, हे मला माहीत होतं. मी स्वतः लोकांना हे समजावलंय. आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा, या तीन गोष्टींवर खात्यातून रोख निघते. गावातला बँकमित्र, म्हणजे बँकेचा एजंट, रोज हेच करतो. मी हे रोज बघते आणि तरी गप्प बसले, कारण मागे रांग होती आणि लोक कुरकुरायला लागले होते.

अंगठा एकदा लावला. "उठंना ताई, रेषा झिजल्यात." पुन्हा लावला. तेही खरं वाटलं, कारण आयुष्य शेतात गेलेल्या माणसाची रेशन दुकानातही हीच रड असते. मी माझा रुमाल पाण्यात भिजवला, आण्णांचा अंगठा पुसला, धरून मशीनवर ठेवला. तीन वेळा. आईचाही तसाच लावला. आण्णांच्या खिशातला साधा फोन वाजला, दोनदा. ते काढून बघायला लागले तर मीच म्हटलं, "राहू द्या आण्णा, जाहिराती असतात." अंगठा एकदाच नीट लागत नसेल तर थांबा, आणि दर वेळी फोनवर काय आलं ते तिथल्या तिथे वाचा.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी आण्णा मोरीत घसरले, खुब्याचं हाड मोडलं. योजनेतल्या रुग्णालयात, योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला ते चकचकीत कार्ड दिलं. त्यानं नंबर टाकला आणि म्हणाला, "मॅडम, यांचं कार्डच निघालेलं नाही." त्यानं तिथेच, आण्णांच्या मोबाइलवर ओटीपी घेऊन, वीस मिनिटांत खरं कार्ड काढून दिलं. फुकट. ऑपरेशनही त्यावरच झालं. मी घरी बसून 'आयुष्मान' अ‍ॅपवरून तेच करू शकले असते. काही अडलं असतं तर योजनेच्या १४५५५ या हेल्पलाइनवर विचारता आलं असतं.

दोन दिवसांनी पासबुक भरून आणलं आणि पायाखालची जमीन सरकली. तारीख तीच, रविवारची.

बँकेत गेले. "अंगठा लागलाय म्हणजे ग्राहकानेच काढलेत. मेसेज पाठवला होता." रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम होता, चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा व्यवहाराची तक्रार तीन कामकाजाच्या दिवसांत केली तर ग्राहकाला भुर्दंड नाही. आम्ही महिन्याहून उशिरा पोचलो होतो. पण व्यवहार कोणत्या मशीनवर, कोणत्या एजंटच्या नावावर झाला एवढं तरी सांगा, म्हटलं, तर "वरून माहिती मागवावी लागेल." लेखी द्या म्हटलं तर शिक्का सापडेना!

पोलीस ठाण्यात म्हणाले, सायबरचं काम आहे, जिल्ह्याला जा. एक दिवसाची रजा टाकून गेले. तिथे विचारलं, "रक्कम किती? चोवीस हजार? इथे लाखांच्या तक्रारी पडून आहेत." ज्याची पेन्शनच दीड-दोन हजार, त्याला चोवीस हजार म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगावं? आरोग्य विभाग म्हणतो शिबिर आमचं नव्हतं. देवळाची कमिटी म्हणते आम्ही फक्त जागा दिली. फलकावर ज्यांचे फोटो होते त्यांना फलकच माहीत नाही. मग सभामंडपात दिवसभर लाइट कोणाची जळत होती? त्या रांगेत माझ्यामागे तीस-पस्तीस म्हातारी माणसं होती. त्यातल्या चौघांनी पासबुक भरून बघितलं, चौघांचेही पैसे गेलेत. बाकीचे मुलं रागावतील म्हणून बघतच नाहीत. त्यांना बँकेत घेऊन जा, पासबुक भरून बघा. पैसे गेल्याचं कळताच त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, ठाण्याच्या पायऱ्या नंतर चढा. बँकेकडून लेखी पोच घ्याच. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. मी गेले आहे, अजून काही कळलेलं नाही.

दोघांचंही बायोमेट्रिक मी आता आधारच्या अ‍ॅपवरून लॉक करून टाकलंय, म्हणजे उघडल्याशिवाय अंगठा कुठेच चालत नाही. महिन्यातून एकदा आण्णा काठी टेकत रेशन दुकानात जातात आणि तिथून मला फोन करतात, "उघड गं." मी शाळेतून थोड्या वेळापुरतं उघडते. आण्णा अंगठा स्वतः पुसतात. रुमाल मला धरू देत नाहीत.