पोर्शे ९११ : ९९३ घ्यावी की ९९६?

पोर्शेची जुनी ९११ ही स्पोर्ट्स कार घेऊ पाहणाऱ्या एका स्नेह्यांना तिच्या दोन पिढ्यांतून, म्हणजे ९९३ आणि १९९७ साली तिच्या जागी आलेली, संपूर्ण नव्याने घडवलेली ९९६ यांतून निवड करता येत नव्हती. रूपाबाबत जुन्या मालकांची नाराजी मला रास्त वाटते, कारण ९९६चे पुढचे दिवे पोर्शेच्याच स्वस्त बॉक्स्टर गाडीसारखे होते आणि ९११ची गोल दिव्यांची ओळख तिथे तुटली. इंजिनाचा प्रश्न अधिक खोल आहे. ९९३चे ३.६ लिटरचे इंजिन हवेने थंड होणाऱ्या परंपरेतले शेवटचे, आणि त्याचा कोरडा, खरखरीत आवाज ९९६मध्ये उरला नाही. मात्र पाण्याने थंड होणाऱ्या ३.४ लिटरच्या नव्या इंजिनाने सुरुवातीच्या ९९३च्या २७२ अश्वशक्तीवरून ३००पर्यंत मजल मारली आणि आतली जागाही वाढली. टिकाऊपणात साधी ९९६ उणी पडते : इंजिनातल्या मधल्या शाफ्टचे (फिरत्या दांड्याचे) बेअरिंग निकामी झाल्यास अख्खे इंजिन जाऊ शकते, म्हणून ते बदलल्याची कागदपत्रे पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये. ९९६च्याच टर्बो आणि जीटी३ या प्रकारांची इंजिने वेगळी असल्याने त्यांत हा धोका नाही. किमतीत ९९३ पुष्कळच महाग पडते.

नेहमी चालवण्यासाठी, मर्यादित पैशांत ९९६ घ्यावी. आवाज आणि घडण यांवर जीव असेल, गाडी वर्षानुवर्षे जपायची असेल, तर ९९३.