बारदान वजा केल्यावर

हा रिव्ह्यू सांगलीतल्या एका फिजिओथेरपी सेंटरचा, पण आधी माझी गोष्ट. सांगलीच्या मार्केट यार्डात 31 वर्षं हळदीच्या पोत्यांची तोलाई केली. काट्यानं मला कधी फसवलं नाही. फसवलं ते माझ्याच अंगानं. लिव्हर खराब झालं तेव्हा पोटात पाणी साठायचं, काटा 68 दाखवायचा, घरचे निवांत. बारदानाचं, म्हणजे रिकाम्या पोत्याचं, वजन वजा करायला मीच विसरलो! गेल्या वर्षी पुण्यात लिव्हर बदललं (मुलानं स्वतःच्या लिव्हरचा तुकडा दिला), पाणी गेलं आणि काटा 52 वर आला. मांड्या बघवेनात. संडासातून उठताना मंडळींना हाक मारावी लागायची.

विश्रामबागेतल्या या फिजिओथेरपी सेंटरला ऑपरेशननंतर तिसऱ्या महिन्यात गेलो. त्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी पंधरा दिवस नुसता शेक घेतला होता, तो पैसा वाया.

इथल्या मॅडमनी हात लावण्याआधी पुण्याची फाईल मागितली. गोळ्या, रक्ताचे रिपोर्ट, टाके कुठून कुठवर, सगळं वाचलं. मग एक साधी खुर्ची ठेवली. "काका, हाताची घडी घाला आणि 30 सेकंदांत जेवढ्या वेळा जमेल तेवढं उठा-बसा." पाच झाले. सहाव्याला हात आपोआप गुडघ्यावर गेला. मुठीची ताकद 17 किलो भरली; पुरुषाची 28 च्या खाली गेली की कमी धरतात म्हणे. वहीत आकडा आणि तारीख लिहिली, तिथंच मला माणूस पटला. मापाशिवाय बोलणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

खुर्ची, भिंतीला हात टेकून रेटणं, टाचा उचलणं, रबरी पट्टा. पट्टा पिवळ्यावरून लाल आणि आता हिरव्यावर आलाय. जोर लावताना मॅडम श्वास कोंडू द्यायच्या नाहीत, टाक्यातून हर्निया बाहेर येईल म्हणून. मांड्याच आधी का गेल्या, तेही समजावलं: आजारानं त्या आधीच सुकल्या होत्या, वर नवं लिव्हर शरीरानं नाकारू नये म्हणून दिलेल्या स्टेरॉईडच्या गोळ्या मांडीचे आणि कमरेचे स्नायू खातात. आणखी एक गोष्ट ऑपरेशनआधी कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. खराब लिव्हर साखर साठवून ठेवू शकत नाही, त्यामुळं रात्रभर उपाशी राहिलं की शरीर स्नायू मोडून खातं. मी मात्र संध्याकाळी सातला जेवून सकाळी नऊपर्यंत कोरडा असायचो, वर दर संकष्टीला दिवसभर उपास. बाप्पा काही रागावला नसता.

खाण्याचा हिशोबही त्यांनीच लावून दिला, पुण्याच्या आहारतज्ज्ञांना फोन करून. किलोमागं 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रोटीन, म्हणजे मला रोज 62 ते 78. उकडलेली अंडी, पनीर, डाळ, नीट शिजवलेली मटकी. कच्ची मोड आलेली नको.

आता तक्रारी. सेंटर पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. ज्याला जिना चढता येत नाही त्यानं जिना चढून शिकायला यायचं! पहिले तीन आठवडे मुलानं पाठीमागून धरून चढवलं. बाहेरच्या बाकावर खोकणारी माणसं खेटून बसतात. माझ्या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती दबलेली, मास्क लावूनही जीव वरखाली व्हायचा. बोललो तेव्हा दुपारी बाराची रिकामी वेळ दिली, पण आपणहून सुचायला हवं होतं. दहा वेळांचे 4000 रुपये आगाऊ घेतात. मधे ताप येऊन दवाखान्यात पडलो, तीन वेळा बुडाल्या, पैसे परत नाहीत. त्यासाठी एक तारा कापला.

सहा महिने झाले. खुर्चीवरून 12 वेळा उठतो, मूठ 25 वर आहे. 28 अजून लांब आहे. वर्षानंतरही काहींचे स्नायू पूर्ण भरून येत नाहीत, हे मॅडमनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, गोड बोलून पैसे काढले नाहीत. आमराईत दोन फेऱ्या मारतो, संडासातून एकटा उठतो.

जाणार असाल तर फाईल, मास्क आणि पाण्याची बाटली घरून न्या. आणि जिन्यासाठी सोबत कुणीतरी.