भाटाची वाटणी करताय? मोजणीआधी झोन बघणारा डिचोलीतला सर्वेअर

गोव्यातलं आमचं वडिलोपार्जित भाट (बागायती जमीन) चार भावंडांत वाटायचं होतं, 6200 चौरस मीटर, रस्त्याकडे थोडं सेटलमेंट (घरं बांधता येतात तो झोन) आणि मागे सगळी काजू. घरात सगळ्यांचं गणित सोपं, भागिले चार. डिचोलीतल्या या सर्वेअरकडे गेलो तर त्यांनी टेप बाहेर काढायच्या आधी टीसीपीचं, म्हणजे नगर नियोजन खात्याचं, झोनिंग सर्टिफिकेट मागितलं, आणि ते आल्यावर सर्वे प्लॅनवर पेन्सिलने रेघ मारून दाखवलं की रिजनल प्लॅन 2021 मध्ये मागचा भाग ईको-2 (पर्यावरण-संवेदनशील झोन) आहे, तिथे फार्महाऊसला किमान 4000 चौरस मीटर लागतात, चार तुकडे केलेत तर तिथे घर कोणालाच बांधता येणार नाही. हे आधी एकानेही सांगितलं नव्हतं!! एक एजंट तर टीसीपी कायद्याच्या कलम 39ए खाली झोन बदलून देतो म्हणून अ‍ॅडव्हान्स मागत होता. यांनी स्पष्ट सांगितलं, झोन बदलेल या आशेवर वाटणी करू नका.

मग ठरलं की रस्त्याकडचे 1600 चौघांत आणि काजूचे 4600 एकत्रच ठेवायचे. आतल्या प्लॉटला वाट कुठून ते त्यांनी प्लॅनवरच काढून दिलं, नाहीतर पुढे भांडणं तिथूनच सुरू होतात. मोजणीला शेजाऱ्यांना आधीच बोलावलं होतं, गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) बुडातली माती उकरून जुना हद्दीचा दगड सगळ्यांसमोर उघडा केला, त्यामुळे नंतर कोणी तोंड उघडायचा प्रश्नच नाही.

कागदांचंही नीट समजावतात. जमीन महसूल कायद्याच्या कलम 61 खाली डेप्युटी कलेक्टरकडची पार्टिशन वेगळी, प्लॉट पाडायला टीसीपी आणि पंचायतीची परवानगी वेगळी, एक झालं म्हणजे दुसरं झालं असं नाही. आणि आपल्या गोव्याच्या सिव्हिल कोडमुळे वहिनीची, भावजींची सही पण लागते, ती आधीच घ्या म्हणाले, ताईच्या घरच्यांना बोलावणं त्यामुळे वेळेत गेलं.

तक्रार एकच, फोन उचलत नाहीत, ऑफिसला जाऊनच बसावं लागतं, आणि फायनल प्लॅन सांगितलेल्या तारखेला मिळाला नाही. मुंडकाराची (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याची) केस किंवा इन्व्हेंटरी (वारसांतली कोर्टातली वाटणी) असेल तर ते घेत नाहीत, वकील बघा म्हणतात. पाचपैकी साडेचार. जाताना ताजा एक-चौदा (जमिनीचा उतारा) आणि सर्वे प्लॅन घेऊन जा, आणि जमलं तर सगळी भावंडं एकत्रच जा, एकाला सांगितलेलं दुसऱ्याला पटत नाही.