आंतिग्वाचे बिऱ्हाड : बाजारांसाठी सोयीचे, माया अवशेषांसाठी अडचणीचे

मध्य अमेरिकेतील गावे, बाजार आणि माया संस्कृतीचे अवशेष सावकाशीने पाहायचे असतील, तर एका गावी बिऱ्हाड करून तिथून फेऱ्या माराव्यात की सामान पाठीवर घेऊन पुढे पुढे सरकत राहावे, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. आम्ही दोघांनी पहिला मार्ग पत्करला आणि जानेवारीच्या अखेरीपासून ईस्टर उलटेपर्यंत ग्वातेमालातील आंतिग्वा या गावी भाड्याच्या घरात राहिलो. (क्रिकेटमुळे आपल्या ओळखीचे झालेले, व्हिव्हियन रिचर्ड्सचे अँटिग्वा बेट ते हे नव्हे, ते कॅरिबियन समुद्रात आहे, हे गाव डोंगरात आहे.) परत येऊन काही महिने लोटल्यावर, तिथून आणलेले कापड रोजच्या वापरात धुऊन झाल्यावर आणि पहिला उत्साह ओसरल्यावर हे मत लिहीत आहे.

आंतिग्वा समुद्रसपाटीपासून सुमारे 1,500 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे दिवसा ऊन असले तरी उकाडा जाणवत नाही आणि फेब्रुवारीतही रात्री स्वेटर लागतो. 1543 मध्ये स्पॅनिशांनी वसवलेले हे गाव 1773 च्या भूकंपापर्यंत साऱ्या मध्य अमेरिकेच्या कारभाराची राजधानी होते. त्या भूकंपानंतर 1776 मध्ये राजधानी आजच्या ग्वातेमाला शहराच्या जागी हलवली गेली, आणि मागे उरलेल्या गावाची फारशी पुनर्बांधणी न झाल्यामुळेच ते आज असे दिसते : बैठी रंगीत घरे, गोट्यांचे रस्ते आणि जागोजागी छत कोसळलेली भव्य चर्चे, ज्यांच्या कमानींखाली आता गवत वाढते. 1979 पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. दक्षिणेला आग्वा, पश्चिमेला आकातेनांगो आणि फुएगो असे ज्वालामुखी उभे आहेत. त्यांपैकी फुएगो जागा असून आमच्या गच्चीवरून दिवसातून अनेकदा त्याचा धूर दिसे, आणि स्वच्छ रात्री शिखरावर लाल ठिणगी उमटे. नव्या माणसाला ती गंमत वाटते. गावकऱ्यांना मात्र 3 जून 2018 चा उद्रेक आठवतो, ज्यात पायथ्याच्या वस्त्या तप्त राखेखाली गाडल्या गेल्या. त्यामुळे धुराकडे बोट दाखवून हसणे बरे दिसत नाही.

राहण्याच्या दृष्टीने गाव चोख आहे. इंटरनेट कामापुरते नीट चालते, औषधांची दुकाने भरपूर आहेत आणि सारे काही पायी गाठता येते. नळाचे पाणी पिता येत नाही, म्हणून पाण्याचे मोठे जार घरपोच मागवावे लागतात. गोट्यांच्या रस्त्यांवर चाकांची बॅग निरुपयोगी ठरते, आणि गुडघे दुखरे असणाऱ्यांनी जाड तळाचे बूट नेलेच पाहिजेत. झोप सावध असेल तर आणखी एक गोष्ट ठाऊक असावी : कोणाचा वाढदिवस असला की पहाटे पाचच्या सुमारास त्याच्या दारात फटाक्यांची माळ लावायची रीत आहे, आणि गल्लीत वाढदिवस पुष्कळ असतात. भारताशी वेळेचे अंतर साडेअकरा तासांचे, म्हणजे तिथले रात्रीचे साडेआठ वाजले की आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे आठ. घरी बोलण्यासाठी ही वेळ उत्तम जमते.

खाण्याबद्दल शाकाहारी मंडळी नेहमी विचारतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. रोजचे जेवण मका आणि काळा घेवडा यांवर उभे आहे. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, धुऊन, दळून त्याचा गोळा करतात आणि बाया तो तळहातांवर थापून कोमाल नावाच्या मातीच्या किंवा पत्र्याच्या तव्यावर भाजतात. जेवणाच्या वेळी गल्लीतल्या तोर्तिया विकणाऱ्या खोपटांतून थापण्याचा आवाज येतो आणि फडक्यात गुंडाळलेल्या गरम तोर्तिया हातावर मिळतात. त्यांत काही मिसळलेले नसते. मात्र परतलेल्या घेवड्यात बहुधा डुकराची चरबी असते आणि भातात कोंबडीचे पाणी, त्यामुळे खानावळीत ‘सिन मांतेका’ म्हणजे ‘चरबीविना’ असे आधीच सांगावे लागते, आणि तसे सांगूनही खात्री नसते. आम्ही लवकरच दुपारचे जेवण घरी करू लागलो. बाजारात भाज्यांची ददात नव्हती : अव्होकाडो, कोवळी कणसे, गुइस्किल नावाची दोडक्याच्या चवीकडे झुकणारी हिरवी फळभाजी, आणि चिल्तेपे ही मण्याएवढी पण झणझणीत मिरची. रेयेनीतो हा केळ्याच्या आवरणात गोड घेवडा भरून तळलेला पदार्थ चुकवू नये. मराठी माणसाला चकित करणारी गोष्ट म्हणजे वेलची. ग्वातेमाला जगातील सर्वांत मोठ्या वेलची उत्पादकांपैकी आहे, उत्तरेकडील कोबानच्या डोंगराळ भागात ती पिकते, पण जवळजवळ सारी परदेशी, मुख्यतः आखाती देशांत जाते. खुद्द तिथल्या स्वयंपाकात तिला स्थान नाही. आमच्या घरमालकिणीला वेलचीचा चहा दिला, तेव्हा तिने तो औषध समजून संपवला.

आता मुख्य मुद्द्याकडे. बाजार आणि डोंगराळ गावे पाहायची असतील, तर आंतिग्वासारखे ठाणे दुसरे नाही. गावाच्या पश्चिम टोकाला मंडई आहे आणि तिला लागूनच बसतळ. तिथून सुटणाऱ्या कामियोनेता म्हणजे अमेरिकेत शाळकरी मुलांना नेऊन नेऊन जुन्या झालेल्या पिवळ्या बसगाड्या. येथे आल्यावर त्यांना नवे रंग, चकचकीत पत्रे आणि दर्शनी काचेवर येशूचे किंवा मालकाच्या मुलीचे नाव मिळते. मुलांसाठी बांधलेल्या बाकावर तिघे प्रौढ बसतात, आणि वाहकाचा मदतनीस चालत्या गाडीच्या टपावर चढून टोपल्या बांधतो. एसटीच्या गर्दीत वाढलेल्या माणसाला यात विशेष काही वाटणार नाही, पण वळणांवरचा वेग मात्र छातीत धडकी भरवतो. अंधार पडल्यावर त्यांत बसू नये, असा स्थानिकांचाच सल्ला आहे आणि आम्ही तो पाळला. पर्यटकांसाठीच्या छोट्या गाड्या महाग, आरामशीर आणि वेळेच्या बाबतीत बेभरवशाच्या. एकदा पहाटेच्या गाडीची वाट पाहत आम्ही दीड तास दारात उभे होतो आणि चालकाने आल्यावर घड्याळाकडे पाहिलेसुद्धा नाही.

चिचिकास्तेनांगोचा बाजार गुरुवारी आणि रविवारी भरतो. तो प्रसिद्ध आहे आणि त्या प्रसिद्धीचे परिणाम त्याच्या बाहेरच्या गल्ल्यांत दिसतात : एकाच कारखान्यातून आल्यासारख्या पिशव्या, मुखवटे, टोप्या. आतल्या बाजूला गेल्यावर खरा बाजार लागतो, जिथे किचे या माया समाजाच्या बायका कोंबड्या, चुनखडी, मेणबत्त्या आणि मिरच्या विकतात आणि भाव स्पॅनिशमध्ये नव्हे, किचेमध्ये ठरतात. सांतो तोमास या सोळाव्या शतकातील चर्चच्या पायऱ्या अठरा आहेत. माया पंचांगात वीस दिवसांचे अठरा महिने असतात, त्यांच्याशी त्या जोडल्या जातात. पायथ्याशी कोपाल या झाडाच्या डिंकाचा धूप सतत जळत असतो आणि त्याच धुरात फुलवाल्या बसतात. समोरच्या मोठ्या दारातून परक्याने शिरू नये; बाजूचे दार आहे. आत छायाचित्रे काढायची नाहीत.

पण मला विचाराल तर चिचिकास्तेनांगोपेक्षा सोलोलाचा मंगळवार-शुक्रवारचा बाजार सरस आहे. तिथे पर्यटकांसाठी जवळजवळ काहीच नाही. कांदे, गाजरे, दोरखंड, कुऱ्हाडी आणि खरेदीला आलेले काक्चिकेल या दुसऱ्या माया समाजाचे पुरुष, जे अजूनही विणलेल्या रंगीत विजारी आणि कमरेला लोकरी वस्त्र अशा वेषात असतात. इतर बहुतेक गावांत परंपरागत पोशाख बायकांवरच उरला आहे. सोलोलाहून उतारावर आतित्लान सरोवर लागते, तिथून लांचा म्हणजे मोटार-नावेने काठावरच्या गावांना जाता येते. दुपारनंतर शोकोमील नावाचा वारा सुटून पाणी खवळते, म्हणून परतीची नाव दुपारपूर्वी धरावी. सरोवराबद्दल इतरांनी इतके लिहिले आहे की मी थांबतो.

कापडाबद्दल मात्र थांबणार नाही, कारण त्याचीच परीक्षा घरी येऊन झाली. आम्ही दोन कापडे घेतली : एक चिचिकास्तेनांगोहून, टेबलावर अंथरायचे, दुसरे आंतिग्वाजवळच्या सान आंतोनियो आग्वास कालिएन्तेस या गावातून, एका विणकर बाईच्या अंगणात बसून. पाठमाग म्हणजे एक टोक झाडाला किंवा खांबाला बांधलेले आणि दुसरे विणणारीच्या कमरेमागच्या पट्ट्याला; ती पुढे-मागे झुकून ताण कमी-जास्त करते. हात पोचेल तेवढीच रुंदी विणता येते, म्हणून उईपिल म्हणजे बायकांचा सैल झगा दोन-तीन पट्टे जोडून करतात आणि जोडावर रंगीत टाके घालून तो झाकतात. खऱ्या कापडाच्या चारही कडा विणूनच पुऱ्या झालेल्या असतात, कापलेली एकही कड नसते. सान आंतोनियोच्या विणीचे वैशिष्ट्य असे की नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. उलट्या बाजूला लोंबणारे धागे नसतात. विकत घेताना मी बाईंना कापड उलटे करून दाखवा म्हटले, तेव्हा त्यांनी ते उलटे केले, पुन्हा सुलटे केले आणि हसून मलाच विचारले की आता कोणती बाजू वर आहे. मला सांगता आले नाही. किंमत चिचिकास्तेनांगोच्या कापडाच्या चौपट होती आणि आम्ही घासाघीस केली नाही, कारण त्यामागचे आठवड्यांचे काम डोळ्यांसमोर होते. काही महिन्यांच्या धुण्यानंतर पहिल्या कापडाचा लाल रंग पांढऱ्या पट्ट्यांत उतरला आहे आणि कापलेली कड सुटू लागली आहे. दुसरे होते तसे आहे.

माया अवशेषांच्या बाबतीत आंतिग्वाचे बिऱ्हाड अडचणीचे ठरते, आणि हे बिऱ्हाड करण्यापूर्वी कोणी स्पष्ट सांगत नाही. दिवसभरात जाऊन येण्यासारखे मोठे स्थळ एकच, इशिम्चे. काक्चिकेलांची ही राजधानी पंधराव्या शतकात उभी राहिली आणि 1524 मध्ये स्पॅनिशांनी आपले पहिले ठाणे तिच्याच शेजारी केले. उंच मंदिरे तिथे नाहीत, चौथरे आणि मायांच्या चेंडूच्या खेळाचे मैदान आहे. पण मागच्या पाइनच्या झाडीत आजही माया पुरोहित साखर, मेणबत्त्या आणि कोपाल यांचा होम करतात. आम्ही गेलो त्या दिवशी एका कुटुंबाचा विधी चालू होता. दूर उभे राहून पाहण्यास कोणाची हरकत नव्हती.

तिकाल या प्राचीन माया शहराची गोष्ट वेगळी. ते उत्तरेच्या पेतेन जंगलात आहे आणि ग्वातेमाला शहरापासून रस्त्याने सुमारे 500 किलोमीटर. शनिवार-रविवारात उरकण्याची ती जागा नव्हे. फ्लोरेस या सरोवरातल्या बेटावर निदान तीन रात्री काढाव्यात, आणि विमानाने जावे. रात्रीच्या बसने पोचलेला माणूस मंदिराखाली बसून पेंगतो, हे तिथे जागोजागी दिसले. चौथे मंदिर सुमारे 65 मीटर उंच आहे. लाकडी जिन्याने वर गेल्यावर सर्वत्र झाडांचे शेंडे आणि त्यांतून वर आलेले इतर मंदिरांचे दगडी माथे, एवढेच दृश्य असते. पहिल्या मंदिराखाली राजा हासाव चान काविल याचे दफन सापडले. त्याने 695 मध्ये प्रतिस्पर्धी कालाक्मुलचा पराभव करून पडत्या तिकालला उभे केले. हे वाचून गेल्यास त्या मंदिराकडे पाहण्याची रीत बदलते. सकाळी सहाला दार उघडताच आत जावे. पहिले दोन तास गर्जणाऱ्या माकडांचे असतात, मग उकाडा आणि गट येतात. मार्च-एप्रिलमध्ये शेते जाळल्यामुळे पेतेनचे आकाश धुरकट असते, तेव्हा फेब्रुवारी बरा.

सीमेपलीकडे होंडुरासमधील कोपान मला तिकालपेक्षा अधिक आवडले. तिकालची भव्यता उंचीत आहे, कोपानची कोरीव कामात. तिथल्या लिपीच्या जिन्यावर दोन हजारांहून अधिक चिन्हे आहेत, माया जगातील सर्वांत लांब कोरीव लेख. आणि ‘क्यू’ नावाच्या चौकोनी दगडी पीठाच्या चार बाजूंना सोळा राजे बसवले आहेत, ज्यात पहिला राजा सोळाव्याच्या हाती राजचिन्ह देतो. परतताना ग्वातेमालातील किरिग्वा पाहिले, केळीच्या मळ्यांच्या मधोमध. कोपानच्या तेराव्या राजाला 738 मध्ये याच छोट्या किरिग्वाने पकडून ठार केले आणि मग आपल्या विजयाचे असे दगड उभारले की त्यांतला एक 10.6 मीटर लांब आणि सुमारे 65 टन वजनाचा आहे. दोन्ही गावे एका फेरीत, आधी कोपान आणि मग किरिग्वा या क्रमाने पाहावीत, भांडण समजते.

या फेरीमुळे एक व्यावहारिक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. ग्वातेमाला आणि होंडुरास यांचा मुक्कामाचा हिशेब एकच, दोघांत मिळून 90 दिवस. कोपानला जाऊन आल्याने ते दिवस नव्याने सुरू होत नाहीत. सीमेवर अमेरिकी डॉलर चालतात, पण बाजारात केत्साल हे ग्वातेमालाचे चलनच, तेही सुटे; शंभराची नोट दिली की भाजीवाली शेजारणीकडे, शेजारीण तिच्या शेजारणीकडे जाते.

पुन्हा जायचे झाल्यास आम्ही मुदतीचे दोन भाग करू : मोठा भाग आंतिग्वात, बाजारांसाठी आणि ईस्टरपूर्वीच्या पवित्र आठवड्यातील मिरवणुकांसाठी, ज्यांच्या वाटेवर घराघरांतले लोक रात्रभर जागून रंगीत भुशाचे गालिचे घालतात, आणि शेवटचे दोन-तीन आठवडे फ्लोरेसला, म्हणजे तिकालबरोबर याश्हा आणि वाशाक्तून ही आणखी दोन माया स्थळेही उरकतील. पवित्र आठवड्यासाठी खोली किंवा घर कित्येक महिने आधी ठरवून ठेवावे, कारण त्या दिवसांत भाडी दुपटीच्या पुढे जातात आणि गावात गाडी आणणे जवळपास अशक्य होते.