सोसायट्यांचा मंच की पक्षाची शाखा?

घरात कुणी नगरसेवक नाही, काका-मामा कुठल्या पक्षात नाहीत, तरी प्रभागात काम करायचंय आणि जमलं तर एक दिवस उभंही राहायचंय, अशा माणसाला ठाण्यात दोन दारं दिसतात. सोसायट्यांचा नागरिक मंच किंवा पक्षाची शाखा. मी मंचात तीन वर्षं काढली आणि गेल्या पावसाळ्यापासून शाखेत जातो. उमेदवारीच्या अटी तुम्हाला ठाऊक असतीलच, त्यात शिरत नाही.

आधी मंचाचं ऋण. मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली, त्यानंतर प्रशासकांचा कारभार. नगरसेवकच नाही म्हटल्यावर घोडबंदर रोडवरच्या आम्ही लोकांनी पाण्यासाठी, सर्व्हिस रोडसाठी स्वतःच पत्रं लिहायला घेतली. माहिती अधिकाराचा अर्ज एकाच विषयावर, दीडशे शब्दांत कसा बसवायचा, तीस दिवस उलटल्यावर अपिलात काय लिहायचं, अंदाजपत्रकात आपला रस्ता कुठे शोधायचा, हे मला मंचातल्या एका निवृत्त इंजिनियर काकांनी शेजारी बसवून शिकवलं. शाखेत हे कुणी शिकवत नाही, निदान आमच्या तरी नाही. फक्त कामं करून घ्यायची असतील आणि निवडणुकीशी देणंघेणं नसेल, तर मंच पुरेसा आहे असं मी आजही म्हणेन.

मला तिथून बाहेर काढलं ते दोन शब्दांनी: ‘राजकारण नको’. प्रत्येक पत्राच्या डोक्यावर ‘अराजकीय’ हवंच. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रखडलेल्या निवडणुका घ्यायला सांगितल्या, तेव्हा मी ग्रुपवर लिहिलं की दोन रविवार गेटवर टेबल टाकू, नवीन नावांसाठी नमुना ६ आणि पत्ता बदललेल्यांसाठी नमुना ८ भरून घेऊ. आमच्याकडे निम्मी बिऱ्हाडं मुलुंड-डोंबिवलीहून आलेली, नावं अजून तिकडेच. पालिकेची यादी वेगळी बनत नाही, विधानसभेचीच यादी प्रभागांत फोडतात, म्हणून घाई होती. उत्तरं आली ती सगळी एकाच चालीची: हे पक्षवाल्यांचं काम, आपण यात पडायचं नाही. टेबल पडलं नाही. पुढे १ जुलै २०२५ ची यादी धरली गेली आणि १५ जानेवारी २०२६ ला, मतदानाच्या दिवशी, सकाळी त्याच ग्रुपमधले चौघे मला फोन करून विचारत होते, नाव सापडत नाही, काय करू? त्या दिवशी करण्यासारखं काहीच उरलेलं नव्हतं. मला अजूनही ते लागून राहिलंय.

शाखा चितळसरच्या बाजूला, पत्र्याची. पहिल्याच आठवड्यात एका ताईंनी माझ्यापुढे मतदार यादी ठेवली आणि शिसपेन्सिल दिली. नावापुढे ‘वारले’, ‘दुबार’, ‘गावी’, ‘लग्न होऊन दिव्याला’ अशा खुणा करत आम्ही गल्लीगल्ली फिरलो. एका दारात सासूबाई म्हणाल्या, सुनेचं नाव माहेरीच आहे अजून. ताईंनी पिशवीतून फॉर्म काढला आणि तिथेच उंबऱ्यावर बसून भरला. मंचाच्या तीन वर्षांत मी एकाही अनोळखी घराचं दार वाजवलं नव्हतं.

शाखेचे जाचही आहेत. साहेब येणार म्हणून दोन-दोन तास ताटकळायचं, वाढदिवसाच्या बॅनरची वर्गणी द्यायची, पटलं नाही तरी चारचौघांत बोलायचं नाही. तिकीट कुणाला, हे वर ठरतं आणि वर्षानुवर्षं खपलेल्याला ते मिळेलच असं नाही. किसननगरच्या शाखेपासून सुरुवात करून एकनाथ शिंदे १९९७ ला नगरसेवक झाले, पुढे मुख्यमंत्रीही. त्यांचं उदाहरण इथे प्रत्येक शाखेत ऐकाल, पण तेवढ्यावर घरचं गणित मांडू नका. नोकरी सांभाळूनच या. आणि मान तुकवणं अजिबात जमत नसेल तर मंचातच तुमचं मन रमेल, त्यात कमीपणा नाही.

मात्र उभं राहायचं मनात असेल, तर प्रभागरचना पाहा. १३१ जागा, ३३ प्रभाग, म्हणजे बहुतेक ठिकाणी चारचा पॅनल. मतदाराला अ, ब, क, ड अशी चार मतं द्यायची असतात. अपक्षाला एवढ्या मोठ्या प्रभागात दारोदार जाऊन सांगावं लागतं की तीन कुणालाही द्या, एक मला द्या. पक्षाचा माणूस एकच चिन्ह सांगून पुढच्या दाराला जातो. निम्म्या जागा महिलांच्या असल्याने शाखांना काम करणाऱ्या बायका सतत हव्या असतात, त्यामुळे ताईंनो, तुम्हाला तर हे दार लवकर उघडेल असं मला वाटतं.

माझं मंचातलं नाव मी काढलेलं नाही, काकांकडे अर्ज तपासून घ्यायला अजून जातो. पण संध्याकाळी साडेसातला पाय शाखेकडे वळतात. तुम्ही जाणार असाल तर पहिल्या भेटीत पदाचं काही विचारू नका. आपल्या बूथची यादी मागा. ती हातात देतात की टाळतात, त्यावरून ती शाखा तुमच्यासाठी आहे की नाही ते कळेल.