शाळा सुटल्यावर मुलांना कुठे पाठवायचं? जुळे सोलापुरातल्या एका वर्गाचा अनुभव

आधीच सांगते, हा ट्यूशन क्लास नाहीये. होमवर्क करून घेतील, पाढे पाठ करून घेतील अशी अपेक्षा असेल तर दुसरीकडे चौकशी करा. जुळे सोलापुरात एका बंगल्याच्या खालच्या मजल्यावर आणि मागच्या अंगणात हा वर्ग चालतो, पाच ते नऊ वर्षांची मुलं, वेळ साडेचार ते सात, शाळेची रिक्षा थेट तिथेच सोडते, महिना चौदाशे रुपये आणि खाऊ त्यातच. आमची लेक दुसरीत आहे, जूनपासून जाते.

ती घरात अखंड बडबड करणार आणि उंबऱ्याबाहेर पडली की तोंडाला कुलूप. उत्तर येत असलं तरी शाळेत मान खाली. प्रत्येक पालकसभेत आम्हाला तेच ऐकायला मिळायचं, हुशार आहे पण बोलत नाही, जरा बोलकी करा. आता बोलकी करा म्हणजे नेमकं काय करा हे कुणी सांगत नाही. घरातले म्हणायचे गॅदरिंगला घाला, स्टेजवर उभी करा, आपोआप भीड चेपेल.

इथल्या ताईंनी तिला सुरुवातीला बोलायलाच लावलं नाही, काम दिलं. खाऊच्या वेळी मुलं मोजायची आणि तेवढ्या ताटल्या मांडायच्या. खाऊ म्हणजे कधी कडक भाकरी, शेंगा चटणी, दही, कधी उप्पीट, कधी भेळ. आता ताटल्या मांडायच्या म्हटलं की तुला चटणी चालते का, तू अर्धी भाकरी घेणार का पूर्ण, हे विचारावंच लागतं ना, आणि ते कुणी मुद्दाम बोलायला सांगितलंय असं वाटतही नाही. दिवाळीच्या आधी एकदा मी न्यायला गेले तर ही एका मोठ्या मुलाला दटावत होती, ताटली धुऊन ठेव आधी. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, काय की बाई, आपलीच पोरगी बोलायली का दुसऱ्याची!

पालकांच्या मीटिंगमध्ये ताईंनी याच्यामागचं कारण सांगितलं ते मला फार पटलं. अल्बर्ट बांडुरा नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९७७ साली मांडलं की मला हे जमतं हा विश्वास माणसात येतो तो सगळ्यात जास्त स्वतः काहीतरी करून दाखवल्याने, मग आपल्यासारख्याच दुसऱ्या कुणाला ते करताना बघून, आणि नुसतं तुला जमेल तुला जमेल म्हणण्याची ताकद त्यापेक्षा बरीच कमी. म्हणून इथे वयाप्रमाणे वेगळे गट नाहीत, सहा वर्षांचं पोर आठ वर्षांच्या ताईला बघून शिकतं. आणि व्वा व्वा हुश्शार असं उगाच म्हणत नाहीत, आज तू तीनदा मोजून बघितलंस, म्हणून बरोबर आलं, असं नेमकं काय ते सांगतात.

सगळ्यात आवडलेली गोष्ट भाषेची. आपलं सोलापूर आहे, कुणाच्या घरात तेलुगू, कुणाच्या कन्नड, कुणाच्या उर्दू. एक छोटा मुलगा होता, घरी तेलुगू, मराठी अडखळत बोलायचा आणि शाळेत पोरं हसायची म्हणून अगदी गप्प झालेला. ताईंनी लपाछपीत राज्य घेणाऱ्याने तेलुगूत मोजायचं असा नियम काढला, ओकटी रेंडू मूडू नालुगू, आणि शिकवणार कोण तर तो! आठवडाभर सगळी पोरं त्याच्या मागे. पुढच्या आठवड्यात कन्नड, ओंदू एरडू मूरू. तोच मुलगा आता मराठीतही भांडतो, चुकतो, परत बोलतो.

डिसेंबरमध्ये भैय्या चौकातल्या डॉ. कोटणीस स्मारकात नेलं होतं. मुलं आधी ताईंबरोबर जाऊन बघून आली आणि मग रविवारी आम्हा पालकांना बोलावलं, गाईड मुलं आणि ऐकणारे आम्ही. एकेकाला एकच गोष्ट सांगायची. कुणी सांगितलं डॉक्टर १९१० साली सोलापुरात जन्मले, कुणी सांगितलं १९३८ ला पाच भारतीय डॉक्टर चीनला गेले त्यात ते होते. आमच्या लेकीकडे शेवट होता, १९४२ मध्ये ते तिथेच वारले, तेव्हा फक्त बत्तीस वर्षांचे होते. आवाज बारीक होता पण पूर्ण वाक्य बोलली, आणि एका आजोबांनी विचारलं ते घरी परत का नाही आले, तर थोडा विचार करून म्हणाली, तिकडे पेशंट होते ना. हे कुणी पाठ करून घेतलेलं नव्हतं. माझ्या डोळ्यात पाणी आलं, खरं सांगते.

आता ज्या गोष्टी सुधारायला हव्यात त्या. मागच्या अंगणावर पत्र्याचं शेड आहे, आपल्याकडचा एप्रिल-मे म्हणजे चाळीसच्या वर पारा, साडेचारला आत भट्टी असते, दोन पंखे पुरत नाहीत, कूलर हवाच. गल्ली अरुंद, न्यायला येणाऱ्या गाड्यांची गर्दी होते. नऊ वर्षांच्या मुलांना शेवटी शेवटी कंटाळा येतो, त्यांच्यासाठी वेगळं काही नाही. आणि ज्यांच्या घरी सातपर्यंत कुणी येत नाही त्यांची अडचण होते, सव्वासातच्या पुढे थांबवत नाहीत.

शाळेनंतरचा प्रत्येक वर्ग असा उपयोगाचा असतो असं मात्र नाही हं. अमेरिकेत डर्लाक आणि वाइसबर्ग यांनी २०१० मध्ये अशा साठाहून जास्त कार्यक्रमांचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा मुलांचा स्वतःबद्दलचा विश्वास वाढलेला दिसला तो जिथे कौशल्यं पायरीपायरीने, प्रत्यक्ष करायला लावून, त्यासाठी ठरवून वेळ देऊन शिकवली जात होती तिथेच. त्यामुळे दुसरा कुठला वर्ग बघणार असाल तर भिंतीवरची चित्रं आणि एसी बघू नका, मुलं स्वतः काय करतात ते विचारा आणि मोठ्या माणसांनी किती करून दिलंय ते बघा.

इथे ॲडमिशन जूनमध्ये आणि दिवाळीनंतर असते, जागा थोड्या आहेत. आधी एक संध्याकाळ मुलासोबत बसू देतात, त्याचे पैसे घेत नाहीत. खाऊच्या वेळेला जा, साधारण सव्वापाचला, तेव्हा सगळं दिसतं.